हात न टेकता

४ फेब्रुवारी

ठोक्या,

फोन उचलत नाही म्हणून फुगून बसू नकोस. फोनवर दोन वाक्यं बोलले की मला दम लागतो, मग खोकला, आणि तू तिकडून "हॅलो, ताई, आहेस ना?" म्हणून गळा काढतोस. अरे, नसले तर तुझे भावोजी कळवतीलच की! पत्रात कसं, मधेच थांबून श्वास घेता येतो आणि तुला ते ऐकू येत नाही.

बातमी अशी की माझं नाव यादीत लागलं. डॉक्टर म्हणतात, माझी फुप्फुसं वाळलेल्या स्पंजासारखी झाली आहेत, कारण सापडत नाही. विडी नाही, काडी नाही, उभा जन्म शाळेच्या मैदानावर मुलांना पळवण्यात गेला, आणि शेवटी माझाच वारा संपला. आता कोणाची तरी दोन फुप्फुसं माझ्या मापाची मिळाली की फोन येणार, आणि आम्ही निघणार. तुझ्या भावोजींनी बॅग भरून दाराशी ठेवली आहे. रोज सकाळी तिला अडखळतात.

सध्या माझ्या नाकात नळी, नळीला लांबलचक शेपूट, आणि शेपटाच्या टोकाला घरघरणारं यंत्र. परवा पोस्टमनने बेल वाजवली. मी सोफ्यातून उठेपर्यंत त्याने दुसऱ्यांदा वाजवली, मग तिसऱ्यांदा, आणि मी दाराशी पोचले तेव्हा जिन्यात चिटपाखरू नव्हतं. तुझ्यासारखाच दिसतोय. तूही बेल अशी वाजवतोस की घराला आग लागली असावी.

सोफा फार खोल आहे रे. लाकूड पडून असेल तर एखादी हाताची खुर्ची करशील का? घाई नाही.

ताई


११ फेब्रुवारी

ताई,

साष्टांग नमस्कार घालायला वाकलो तर हल्ली कंबर धरते, म्हणून उभ्यानेच नमस्कार.

घाई नाही म्हणे! जन्मात तू माझ्याकडे काही मागितलं आहेस का? लहानपणी माझं दप्तरसुद्धा तूच उचललंस. तुझं पत्र खिशात घातलं आणि तसाच लाकूड निवडायला गेलो. एका गिऱ्हाईकाचं कपाट दारांशिवाय उभं आहे. बोंबलू दे त्याला.

टाच जमिनीला टेकवून गुडघ्याच्या मागच्या खोबणीपर्यंतचं माप कळव. बाबांचा नियम आठवतो ना? खुर्ची गुडघ्याबरोबर. त्याहून उंच ती खुर्ची नव्हे, ओटा. एकदा मी ग्राहकाच्या हट्टापायी स्टूलभर उंच खुर्ची केली तर बाबांनी आठवडाभर माझ्याशी बोलणं टाकलं होतं. पण तुझ्यासाठी मी नियम मोडणार आहे. बैठक चांगली वर घेतो, पुढच्या बाजूला किंचित उतरती. हात पुढे काढून त्यांची टोकं रुंद करतो, म्हणजे तळवे रेटले की अंग आपोआप वर. तू नुसतं मनात आण, खुर्चीच तुला उठवेल.

आणि घरात उगाच उठबस करू नकोस. सगळी ताकद जपून ठेव, ऑपरेशनला लागेल.

ठोक्या


९ एप्रिल

ठोक्या,

आली तुझी खुर्ची! दोन हमाल आणि तुझे भावोजी, तिघांनी मिळून ती जिन्यातून आणली, आणि त्यात सगळ्यात जास्त धाप तुझ्या भावोजींना लागली. हात किती गुळगुळीत घासलेस रे! टोकांवर तळवे ठेवले की ते तिथेच राहावेसे वाटतात. आणि उठणं म्हणशील तर पंचविशीतल्या पोरीसारखी उठते. मी विसरूनच गेले होते की उठणं इतकं सोपं असतं. परवा बेल वाजली तर दुसऱ्या बेलच्या आत दार उघडलं. दूधवाला दचकला.

दवाखान्याच्या तळघरात आमच्यासारख्यांचा व्यायामाचा वर्ग असतो. सगळे नळीवाले. तिथे एक मैत्रीण मिळाली, तिचं बाजारात फुलांचं दुकान आहे. तिचा रक्तगट माझाच, उंचीही माझ्याएवढीच. म्हणजे दोघींची नजर एकाच फोनवर. आम्ही एकमेकींना सवत म्हणतो आणि हसून हसून दोघींना खोकला येतो, की मग व्यायामाच्या बाई धावत येतात. या बाई माझ्या विद्यार्थिनी शोभतील अशा वयाच्या, आणि मलाच शिकवतात, गुडघा असा वाकवा नि तसा वाकवा. घरी कशावर बसता, म्हणून विचारत होत्या. मी म्हटलं, खुर्चीवर. सगळंच सांगायला हवं असं थोडंच आहे?

खरं तर आता घरात मी इतकी चपळ झाले आहे की वर्गाला गेलं नाही तरी चालेल. दोन खेपा चुकवल्यासुद्धा. एकच सांगते, दुपारनंतर उठायला जरा जड जातं. आणखी दोन बोटं वर करता येईल का?

ताई


१५ एप्रिल

ताई,

तुझं पत्र कारखान्यात मोठ्याने वाचून दाखवलं आणि सगळ्यांना चहा पाजला. पंचविशीतली पोर! डॉक्टरांना म्हणावं, औषधं ठेवा बाजूला, सुतार बोलवा.

सोबत ठोकळे पाठवतो आहे. पायांच्या मापाची खोबण केली आहे, खुर्ची त्यात बसेल, सरकणार नाही. दोन संच आहेत. आधी पातळ लाव. पुढे लागलेच तर जाड आहेतच. भावोजींना सांग, चारही एकदम उचला, नाहीतर तुला घेऊन कलंडायची.

ठोक्या


२ जून

ठोक्या,

जाड ठोकळेही लावले. छान बसले. आता पाय जमिनीला जेमतेम टेकतात, राणीसारखी बसते. तुझे भावोजी सगळं हातात आणून देतात, बुटाच्या नाड्यासुद्धा तेच बांधतात. लग्नात इतकी सेवा केली नव्हती त्यांनी.

बुधवारी तपासणी आहे, मधूनमधून असते ती. काळजी नको. जन्मभर इतरांच्या परीक्षा घेतल्या, एक आपली दिली तर काय बिघडलं?

ताई


३० जून

ताई,

तो बुधवार जाऊन किती दिवस झाले. पास झालीस का नापास, एवढं एका ओळीत कळव. फोन भावोजी उचलतात आणि "झोपली आहे" म्हणतात. एवढी कधीपासून झोपायला लागलीस?

ठोक्या


७ जुलै

ठोक्यास अनेक आशीर्वाद.

हिच्या नकळत लिहितो आहे. फोनवर मी खोटं बोललो, त्याबद्दल रागावू नकोस. ही समोरच बसलेली असायची आणि खुणेने नको म्हणायची.

त्या बुधवारी व्यायामाच्या बाईंनी एक साधी खुर्ची मांडली. हात नसलेली, शाळेच्या वर्गात असते तशी. म्हणाल्या, हातांची छातीशी घडी घाला आणि पाच वेळा उठा-बसा. ही हसली. म्हणाली, "अहो, हे मी मुलांना शिकवलंय. मांडी घालून बसा, हात न टेकता उठा. ज्याने हात टेकला त्याला मैदानाला एक फेरी." बाईही हसल्या.

आणि मग ही उठलीच नाही. पहिल्या खेपेला अर्धी उठली आणि परत बसली. पुन्हा प्रयत्न केला. मग घडी सोडून हात कुठे टेकायचे ते चाचपडू लागली, आणि त्या खुर्चीला हात नव्हते. मी पुढे झालो तर हिने माझ्याकडे असं बघितलं की मी जागीच थांबलो. इतक्या वर्षांत हिने माझ्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं.

डॉक्टरांनी समजुतीने सांगितलं. म्हणाले, फुप्फुसं आम्ही बदलू, पण पाय तुमचेच राहणार. अंगात एवढीही ताकद नसेल तर ऑपरेशन झेपायचं नाही, आणि झेपलं तरी माणूस अंथरुणातून उठत नाही. नाव खोडलेलं नाही. पण पाय परत येईपर्यंत बाजूला ठेवलं आहे. घरी कशावर बसता, हे बाईंनी पुन्हा विचारलं तेव्हा मीच सगळं सांगितलं.

पुढच्याच आठवड्यात त्या फुलवाल्या बाईंना फोन आला. तीच जोडी हिला मिळाली असती का, हे कोणी सांगत नाही, सांगायचं नसतं म्हणे. पण रक्तगट तोच, माप तेच. ही तेव्हापासून त्या खुर्चीतच बसून असते.

तू मनाला लावून घेऊ नकोस. तू खुर्ची दिलीस, मी पाण्याचा पेला हातात दिला. आपण दोघांनी मिळून हिला जपलं.

भावोजी


११ जुलै

ताई,

भावोजींवर ओरडू नकोस. त्यांनी सांगितलं नसतं तर मी अजून ठोकळे करत बसलो असतो.

काल दिवसभर हातात रंधा धरवला नाही. मी सुतार आहे. ज्या फळीवर भार येत नाही ती वाकडी होते, हे मी पोरांना शिकवतो. बाबांचा नियम मला तोंडपाठ होता आणि तो मी कौतुकाने मोडला, वर तुला लिहून कळवलं की बघ, तुझ्यासाठी मोडतोय! तू दोन बोटं मागितलीस आणि मी दोन संच पाठवले. मला एकदाही असं वाटलं नाही की जी बरी होते आहे तिला आणखी उंच खुर्ची कशाला लागेल. एवढं साधं. हे कळायला डॉक्टर व्हावं लागत नाही ग. मला फक्त तुझं "पंचविशीतली पोर" वाचायचं होतं.

मला क्षमा मागायची लाज वाटते, इतकं ते तोकडं आहे. ती खुर्ची परत पाठव, ठोकळ्यांसकट. मी महिनाअखेरीस निघतो आहे.

ठोक्या


२० जुलै

ठोक्या,

येऊ नकोस. कीव करायला घरात एक माणूस आहे, ते पुरेसं आहे.

आणि सगळा दोष एकट्याने लाटू नकोस, लहानपणापासून तुझी सवयच आहे, ताटातलं मोठं ते आपलं. खुर्ची तू केलीस, बसले मी. व्यायामाच्या बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, साध्या खुर्चीतून उठत जा, दिवसातून अनेकदा, दम लागला तर थांबा पण सोडू नका. मी तुला ते लिहिलं नाही. बाईंना तुझ्या खुर्चीबद्दल सांगितलं नाही. दोन्हीकडे थोडं थोडं झाकलं आणि मधे मी आरामात बसले. मला ठाऊक नव्हतं? जिने पिढ्यान्पिढ्या पोरांना सांगितलं की न वापरलेला स्नायू रुसून बसतो, तिला? पण उठताना होणारे हाल तुझ्या खुर्चीत नाहीसे झाले, आणि मला वाटलं आजारच हटला. ताप मोजायचं यंत्र फोडून टाकावं आणि म्हणावं, ताप नाही.

फुलवालीला बघायला गेले होते. काचेबाहेरूनच. चाकाच्या खुर्चीतून गेले आणि ती आतून चालत आली, नळी नव्हती नाकात. तिने हात हलवला, मीही हलवला. ठोक्या, मला तिचा हेवा वाटला. फार वाटला. सवत म्हणायची गंमत गेली. ती रडत होती, तेही मला आवडलं नाही.

खुर्ची ट्रकने पाठवली आहे. आता जेवणाच्या टेबलाची खुर्ची घेतली आहे. तिच्यावर आधी दोन उश्या ठेवल्या, मग एक. आज एकही नाही. हात मात्र टेकतेच अजून. शाळेतली मुलं असती तर म्हणाली असती, बाई, एक फेरी.

ताई


१२ डिसेंबर

ठोक्या,

उठले. छातीशी घडी, पाच वेळा, हात न टेकता. पाचव्या खेपेला डोळ्यांपुढे काजवे चमकले, पण उठले. व्यायामाच्या बाईंनी टाळ्या वाजवल्या आणि तुझे भावोजी बाहेर जाऊन नाक शिंकरून आले. नाव परत यादीत आहे.

फक्त एवढंच की आता यंत्राचा वारा खूप वाढवावा लागला आहे. दात घासतानाही थांबते. पाय आले तर श्वास चालला. दोन्ही एकदम हाताशी होते ते दिवस मी तुझ्या खुर्चीत बसून घालवले. मनात सारखं तेच येतं, दुसरं काही येतच नाही. तुला लिहायचं नाही असं ठरवलं होतं, पण झाकून काय झालं ते आपण पाहिलं.

बॅग पुन्हा दाराशी आहे. तुझे भावोजी पुन्हा अडखळतात.

ताई


१८ एप्रिल

ठोक्या,

अक्षर तुझ्या भावोजींचं, शब्द माझे. माझे हात औषधांनी इतके थरथरतात की पेन कागदावर नाचतं.

फुप्फुसं बसली. कोणाची, ते माहीत नाही. कुठल्या तरी घरात त्या दिवशी आकांत झाला म्हणून मला श्वास आला, हे रोज आठवते. श्वास येतो रे! आपोआप येतो, मागावा लागत नाही. पण ऑपरेशनला गेले तेव्हा फार उशीर झाला होता. पार खचले होते. त्यानंतर कित्येक आठवडे मशीनवर. डॉक्टर बोलत नाहीत, पण मला कळतं. जूनमध्ये झालं असतं तर फुलवालीसारखी मीही लवकर घरी आले असते.

घरी आणलं आहे. पाय बघवत नाहीत, नुसत्या काठ्या. उजवं पाऊल उचलत नाही, फरफटतं. व्यायामाच्या बाई घरी येतात आणि तीच मेली बिनहाताची खुर्ची मांडतात. मी उठत नाही. रडते. काल त्यांच्यावर ओरडले, मग त्यांची माफी मागितली.

ठोक्या, तुझी खुर्ची पाठव. आता यादी नाही, परीक्षा नाही, कोणाला फसवायचं नाही. निदान शौचालयापर्यंत तरी कोणाच्या गळ्यात न पडता जाईन. महिनाभरापुरती पाठव. ठोकळेही.

ताई


२३ एप्रिल

ताई,

खुर्ची मोडली असं लिहिणार होतो. तसं एक पत्र लिहिलंही होतं. ते फाडलं.

खुर्ची आहे. कारखान्याच्या कोपऱ्यात आहे, मांजर झोपतं तिच्यावर. मी ती पाठवणार नाही.

मला काय वाटतं आहे ते तुला सांगता येत नाही. तू पुन्हा काही मागितलंस आणि मी नाही म्हणतो आहे. भावोजींनी माझ्या वतीने हो म्हणू नये. बाई जी खुर्ची मांडतात ती मांडू दे. पड, रड, मला शिव्या घाल. पण त्यातूनच ऊठ.

ठोक्या


१० जून

ताई,

तुझं उत्तर नाही. येणार नाही असं वाटलंच होतं. भावोजी फोनवर "ठीक आहे" एवढंच म्हणतात, आणि आता त्यांचं "ठीक आहे" मला खरं वाटत नाही.

त्या दिवसानंतर दोनदा खुर्ची टेम्पोत चढवली आणि उतरवली. एकदा हो म्हणालो त्याचा पस्तावा होतो, एकदा नाही म्हणालो त्याचाही होतो. माणसाने करावं तरी काय? तू शौचालयाचं लिहिलं होतंस. ते वाक्य रोज आठवतं. मी इथे धडधाकट बसून तुला ऊठ म्हणतो, आणि तू तिथे जमिनीकडे बघत बसली असशील. पहिल्यांदाच नाही म्हणालो असतो तर ही दुसरी वेळ आलीच नसती.

आता कोणी आजाऱ्यासाठी खुर्ची करून मागितली की मी आधी विचारतो, उठायला त्रास होतो का? होतो म्हणाले की गुडघ्याबरोबरच करतो. गिऱ्हाईकं नाराज होऊन जातात. जाऊ देत.

एक ओळ लिही. शिवी असली तरी चालेल.

ठोक्या


२६ जून

ठोक्या,

हे अक्षर माझंच. कोंबडीचे पाय उमटलेत, पण माझे आहेत.

तुझ्यावरचा राग अजून गेलेला नाही. तुझं ते पत्र वाचलं आणि तुझ्या भावोजींना सांगितलं, मला भाऊ नाही. त्यांनी पत्र घडी करून ठेवून दिलं. त्यानंतर बाईंनी खुर्ची मांडली की मी तुझं नाव घेऊन शिवी देत असे आणि जोर लावत असे. कोणती ते लिहीत नाही, शाळेत शिकवलंय मी. रागाने माणूस उठतो की नाही माहीत नाही, पण मला कुठेतरी जोर लावायचा होता, तर तो तुझ्यावर लावला.

फुलवाली येते अधूनमधून. फुलं आणत नाही, जंतूंच्या भीतीने आता आम्हाला दोघींनाही ती चालत नाहीत. येते, समोर बसते, आणि मी उठेपर्यंत बोलत नाही. परवा मी तिला सांगितलं की मला तुझा हेवा वाटला होता. म्हणाली, "मला ठाऊक आहे. मलाही तुझ्यासमोर लाज वाटत होती." मग दोघी हसलो, आणि ठोक्या, कोणालाच खोकला आला नाही.

पहिल्यांदाच नाही म्हणायला हवं होतं, असं लिहितोस ते चूक आहे. तेव्हा मी ऐकलं नसतं. दुसऱ्या सुताराकडून करवून घेतली असती, आणि ती इतकी गुळगुळीत नसती. गेलं ते गेलं. पाऊल फरफटतं ते बहुतेक तसंच राहणार. मैदान आता माझं नाही. याची हळहळ तुला नि मला दोघांनाही जन्मभर पुरेल, पुरवून वापरू.

रविवारी सकाळी ये. आंघोळ करून, धुतलेले कपडे घालून, तोंडाला मास्क, आणि कानातसुद्धा भुसा दिसता कामा नये. खुर्ची आणू नकोस. तुझ्या भावोजींना त्या वेळी मी मुद्दाम बाहेर पिटाळणार आहे.

बेल एकदाच वाजव आणि उभा राहा. तुला वाटेल आत कोणी नाही. पुन्हा वाजवू नकोस. मी उठते आहे.

ताई